सहा माड आणि वरची मांदेली

आमच्या वाडीतल्या सहा माडांवर गेरूने जर्मन शब्द लिहिलेले आहेत. नागावात आता त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण राहायला येणारे पाहुणे बिचकतात. मागे पुण्याच्या एक बाई सकाळचा चहाचा कप घेऊन वाडीत हिंडत होत्या. परत आल्या आणि मला विचारतात, "काकू, त्या म्युसेन जातीच्या माडाचं शहाळं गोड असतं का हो?" मी म्हटलं, "गोड असो नसो, ते प्यावंच लागतं." त्या बाई दोन दिवस त्या माडाकडे फिरकल्या नाहीत.

आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलंय तर आधी हे माडांचंच सांगते, कारण माझा सगळा धंदा त्यांच्याभोवतीच फिरतो. धंदा म्हणजे काय, तर मी जर्मन शिकवते. पाटी नाही, पदवी नाही. ओटीवर झोपाळा आहे, त्यावर मी, आणि खाली सतरंजीवर मुली. मी स्वतः शाळेत अकरावीपर्यंतच गेले. जर्मन मला आमच्याकडे राहायला येणाऱ्या गिझेलाबाईंनी दिलं. दर थंडीत यायच्या. त्यांना उकडीचे मोदक वळायला शिकायचे होते आणि मला त्या काय बोलतात ते कळून घ्यायचं होतं. मोदकाला त्यांना शेवटपर्यंत नीट कळ्या पाडता आल्या नाहीत. मला जर्मन आलं. जाताना त्या व्याकरणाचं एक पुस्तक ठेवून गेल्या. त्याचे शेवटचे धडे आमच्याकडच्या कसरीने खाल्ले, तेवढं व्याकरण मला आजही येत नाही.

पुढे आमच्या भागातल्या नर्सिंग शिकलेल्या मुली जर्मनीला जायचं म्हणू लागल्या. एक आली, तिने दुसरी आणली, आणि माझी ओटी भरली.

मुलींना सगळ्यात जास्त घाम फोडतात ती माडांवरची ही सहा क्रियापदं. पुस्तकात त्यांना मोठं नाव आहे, मी त्यांना मुकादम म्हणते. कारण ती स्वतः काम करत नाहीत. काम करणारं क्रियापद वेगळं असतं. खाणं, उठणं, जाणं. मुकादम फक्त सांगतो की हे काम होऊ शकतं, की करायला परवानगी आहे, की करावंच लागेल. आणि मुकादम वाक्यात पुढे येऊन उभा राहतो, कामकरी बिचारा थेट वाक्याच्या टोकाला. मधे बाकीचा सगळा संसार. ऐकणाऱ्याने टोकापर्यंत धीर धरायचा.

तर मुकादम सहा. क्योनेन म्हणजे जमणं, अंगात असणं. वोलेन म्हणजे ठाम इच्छा. म्योगेन म्हणजे आवडणं. त्याचंच एक मऊ रूप म्योश्टे, "मला अमुक हवं होतं" असं नम्रपणे मागायचं. हे तीन आतून येतात, माणसाच्या स्वतःच्या पोटातून. बाकीचे तीन बाहेरून येतात. ड्युर्फेन म्हणजे कुणीतरी दिलेली मुभा. झोलेन म्हणजे दुसऱ्याने सांगितलंय म्हणून करायचं, डॉक्टरांनी सांगितलंय, आईने सांगितलंय. आणि म्युसेन म्हणजे सुटका नाही, करावंच लागतं.

ही वाटणी माझी स्वतःची. पण मुलींच्या डोक्यात ती बसेना. तेव्हा एक दिवस मी गेरू कालवला आणि वाडीत शिरले. घराकडच्या तीन माडांवर आतले तीन लिहिले, रस्त्याकडच्या तीन माडांवर बाहेरचे तीन. मग मुलींना वाडीत पळवायचं. मी ओरडायचे, "पेशंटला पाणी प्यायची परवानगी आहे!" की सगळ्या ड्युर्फेनकडे. "पेशंटला भात आवडत नाही!" की घराकडे वळून म्योगेनकडे. आमचे हे ओटीवरून म्हणायचे, "शिकवणी आहे की खोखो?" पण महिन्याभरात चुका निम्म्यावर आल्या.

नारळ पाडायला येणारा दामू तर आता माडांना त्याच नावांनी ओळखतो. "वैनी, आज झोलेनवर चढू की क्योनेनवर?" क्योनेन सगळ्यात उंच आहे. त्याला तो म्हणतो, "ह्याच्यावर चढायला खरंच जमावं लागतं."

गिझेलाबाईंना मी फोनवरून हे कौतुकाने दाखवलं तर त्या म्हणाल्या, म्युसेन तू चुकीच्या बाजूला लिहिलायस. शिंक येते तेव्हाही आम्ही म्युसेन म्हणतो, मग शिंक काय बाहेरून येते? शेवटी त्यांच्या समाधानासाठी म्युसेन पुसून अगदी मधल्या, कोऱ्या माडावर घेतला. अजूनही माझं मन म्हणतं तो रस्त्याकडचाच. असो.

ही वाटणी नुसती पाठ करायची गोष्ट नाही, बरं का. वॉर्डात म्हाताऱ्याला "तुम्हाला उठायची गरज नाही" म्हणायचं असेल तर तिथे म्युसेनला नकार लावायचा, आणि "तुम्ही उठायचंच नाही" म्हणायचं असेल तर ड्युर्फेनला. पहिल्यात म्हातारा उठला तरी काही बिघडत नाही. दुसऱ्यात उठला तर टाके तुटतील. म्हणून मी मुलींच्या मागे लागते.

मुलींशिवायही गिऱ्हाइकं येतात. चौलचे एक नाना आले होते. नोकरीतून निवृत्त झालेले, नातू तिकडे जन्मलेला, जर्मनच बोलणारा. नानांना त्याच्याशी फोनवर बोलायचं होतं. ते सहाही मुकादम शिकले, पण तोंडात एकच बसला, म्युसेन. "जेवलंच पाहिजे, झोपलंच पाहिजे, आजोबांना नमस्कार केलाच पाहिजे." नातू फोन दिसला की पलंगाखाली जाऊन बसायला लागला. मी त्यांना महिनाभर फक्त म्योश्टे शिकवलं. बाकी सगळ्याला बंदी. मग एकदा नानांनी फोनवर विचारलं, "तुला माझ्याशी बोलायला आवडेल का?" आणि पोराने पलंगाखालूनच विचारलं, "तुमच्या इथे माकडं आहेत का?" तिथपासून दोघांचं जमलं ते जमलंच. नाना अजून माझ्याकडे येतात, शिकायला नाही, माकडांच्या गोष्टींना लागणारे शब्द विचारायला.

पण मला सांगायचं आहे ते हेमाचं.

हेमा रेवदंड्याची. आई जनाबाई, बाजारात मासे विकते. हेमा नर्सिंग शिकलेली, अभ्यासाला पक्की. माझ्याकडे आली तेव्हा सहा माड तिने आठवड्यात पाठ केले. तिकडच्या एका इस्पितळाने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, फक्त भाषेची परीक्षा पास व्हायची बाकी होती. लेखी, ऐकणं, वाचणं सगळं झकास. आणि तोंडी परीक्षेत मुलगी नापास झाली.

माझा विश्वास बसेना. त्या परीक्षेत काय असतं, दोन उमेदवारांना समोरासमोर बसवतात आणि सांगतात, तुमचा मित्र आजारी आहे, त्याला भेटायला जायचंय, मिळून ठरवा. कधी जायचं, काय न्यायचं, कसं जायचं. दोघांनी एकमेकांशी बोलायचं, सुचवायचं, नको म्हणायचं, वेगळं काही पुढे करायचं. दोन परीक्षक बाजूला बसून ऐकतात. हेमाच्या जोडीदाराने म्हटलं, शनिवारी जाऊ. हेमा म्हणाली, हो, छान. तो म्हणाला, फुलं नेऊ. हेमा म्हणाली, हो, छान. तो म्हणाला, बसने जाऊ. हो, छान. संपलं! मग उरलेला वेळ चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले.

त्यानंतर ती शिकवणीला येईना. फोन उचलेना. मग मी रिक्षा केली आणि रेवदंड्याला गेले.

बाजारात मासेवाल्यांच्या ओळीत हेमा आईशेजारी बसली होती. समोर एक पर्यटक, डोक्यावर टोपी, हातात हलव्याचा एक नग, आणि तो म्हणत होता की हा मासा ताजा वाटत नाही.

"दादा, त्याचा डोला बघा," हेमा म्हणाली. "तुमच्याकडंच बघतंय ते. शिळं असतं तर नजर चुकवली असती."

"तरी पण भाव जास्त आहे."

"जास्त हाय तर मग घट धरून कशाला ठेवलाय? ठेवा खाली."

त्याने खाली नाही ठेवला. मग त्याने कमी सांगितलं, हिने मान हलवली. तो जायला वळला, हिने त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्या बाईला बोंबलांचा वाटा दाखवायला घेतला. तो परत आला. थोडं तो चढला, थोडी ही उतरली. सौदा मिटला, तेव्हा जनाबाई न बघताच म्हणाली, "घाल वर." हेमाने मूठभर मांदेली उचलून हलव्याबरोबर त्याच्या पिशवीत टाकली. तो टोपीवाला असा हसला की जणू हलवाच फुकट मिळाला.

आमच्याकडे ही रीतच आहे. भाव ठरला, वाटा पिशवीत गेला, की विकणारी वर काहीतरी घालते. गिऱ्हाइकाने ते मागायचं नसतं, मागितलं तर ते वरचं राहत नाही. आणि घातलं नाही तर सौदा झाला असं कुणी धरत नाही.

मी पुढे झाले. "हेमा, अगं हेच त्या परीक्षेत का नाही बोललीस?"

तिने मान खाली घातली. "तिथं कसं बोलायचं, काकू? मुलगा अनोळखी. समोर दोन मोठी माणसं बसलेली. त्याने फुलं नेऊ म्हटल्यावर तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"आणि इथे? त्या टोपीवाल्याला ओळखत होतीस?"

"ते गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाशी वाद घातला नाही तर त्याला वाटतं, हिचं आपल्याकडे लक्षच नाही."

माझ्या डोक्यात तिथेच उजेड पडला. पण जनाबाई मधे पडली.

"मास्तरीनबाय, आता पुरे. एकदा गेली, गप बसून आली. हिथं माज्या बाजूला बसली तर कोन नापास करनार हाय तिला?"

"जनाबाई, अजून एक वेळ परीक्षा देऊ दे. इस्पितळवाले एवढी एकच परीक्षा थांबणार आहेत. नंतर जागा दुसऱ्या मुलीला."

"न्हाय. माजे हात दोनच हायेत. सुकवायला कोन, इकायला कोन?"

"सकाळी येईल, दुपारी परत धाडते."

"न्हाय म्हंजे न्हाय. पोर हिथून हलनार न्हाय."

हेमा माझ्याकडे बघत होती. पुढच्या वाट्याची मांदेली हातात तशीच धरून राहिली होती. मी म्हटलं, "बरं, तर मग मीच इथे येते. हात तिचे तुमच्याकडे, तोंड तेवढं माझ्याकडे."

जनाबाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बर्फावरचं फडकं सारखं केलं. एक बोंबील इकडचा तिकडे केला. मग म्हणाली, "एकच टाइम हां. त्या परीक्षेपर्यंत. पुना न्हाय."

"एकच."

"या मग." आणि मी वळले तशी मागून म्हणाली, "बसायला पाट ठेवतंय तुमच्यासाठी. गुडघं दुखतान तुमचं."

तर अशी आमची शिकवणी रेवदंड्याच्या मासळी बाजारात भरली. मी रोज सकाळी जायचे, पाटावर बसायचे आणि गिऱ्हाईक व्हायचे. पण जर्मनमध्ये. नियम असा की हेमाने एकदाही लगेच "हो, छान" म्हणायचं नाही. म्हटलं की सौदा मोडला, तो वाटा दुसऱ्या गिऱ्हाइकाला.

पहिल्या दिवशी ती माझ्यापुढे पुन्हा शाळेतली मुलगी झाली. मी म्हटलं, मला ही मांदेली अर्ध्या भावात हवी होती. ती म्हणाली, हो. जनाबाईने शब्द न कळताच ओळखलं. "काय गो, फुकट दिलीस काय?" आणि माझ्या हातातून मासे परत घेतले!

दुसऱ्या दिवशी हेमा म्हणाली, ते मला परवडू शकत नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तुम्ही घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण हात लावायचा नाही. दोन मुकादम, दोन्ही नकार, दोन्ही आपापल्या जागी! मी पाटावरून उठून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बायका हसायला लागल्या. मी दिसले की ओरडायच्या, "आली गो जर्मनची बाय!" आणि जनाबाई एक शब्द शिकली, नाइन, म्हणजे नाही. तो ती मुंबईच्या गिऱ्हाइकांवर वापरायची. गिऱ्हाईक गोंधळून भाव मान्य करायचं.

आमच्या घरात मात्र रोज मांदेली. तळलेली, तिखल्यातली, भुजणं केलेली. आमचे हे एकदा ताटाकडे बघून म्हणाले, "त्या मुलीला सुरमईवर कधी आणणार तू?"

परीक्षेला मी तिच्याबरोबर मुंबईला गेले. तिचा जोडीदार नाशिकचा एक मुलगा होता, ओंकार. दोघं आत गेली. मी बाहेर बाकावर. पहिल्या वेळी हेमाचं बोलणं लवकर संपलं होतं ना, म्हणून मला दाराचीच भीती. दार उघडू नये, उघडू नये. दार उघडेना. मग उलटी काळजी लागली, एवढा वेळ काय करताहेत?

शेवटी ओंकार बाहेर आला. कपाळावर घाम. मला म्हणाला, "काकू, ही तुमची मुलगी का? ही परीक्षेला आली होती की बाजाराला?"

झालं होतं असं. तो म्हणाला शनिवारी जाऊ. हेमा म्हणाली, शनिवारी इस्पितळात सगळं गाव भेटायला येतं, आजारी माणसाने किती जणांशी बोलायचं? मंगळवारी. तो म्हणाला मंगळवारी मला काम असतं. ही म्हणाली मग संध्याकाळी ये. तो म्हणाला फुलं. ही म्हणाली फुलं खाता येत नाहीत, सूप नेऊ. तो अडून बसला. हिने, अहो, त्याच्याकडे पाठ नाही केली, पण कागद आवरायला घेतले! तो बिचारा घाबरून म्हणाला, बरं, सूप. तेवढ्यात परीक्षक म्हणाले, धन्यवाद, वेळ संपली. तर हिने त्यांना हात दाखवून थांबवलं. म्हणाली, एक मिनिट, अजून मिटलेलं नाही. आणि ओंकारकडे वळून म्हणाली, "सूप माझं झालं, वार माझा झाला. तर फुलंही ने तू. तुझ्या आवडीची."

"मी मागितलीच नव्हती तेव्हा," ओंकार मला म्हणाला. "मी तर सोडून दिली होती. दोघं परीक्षक हसायला लागले."

हेमा मागे उभी होती. पांढरीफटक. "काकू, सवयीने गेलं तोंडातून. वर घातलं. चुकलं का?"

मला काय माहीत चुकलं की नाही! परीक्षकांना वेळ संपल्यावर थांबवलेलं चालतं की नाही, हे कसरीने खाल्लेल्या धड्यांत असेल कदाचित. परत येताना लाँचमध्ये मी मनातल्या मनात जनाबाईला काय सांगायचं ते जुळवत होते. निकाल लागेपर्यंत मी वाडीतल्या त्या माडांकडे बघितलंसुद्धा नाही.

पास झाली. ओंकारही झाला. बाजारात बातमी सांगितली तेव्हा जनाबाई म्हणाली, "मंग? माजी पोर हाय ती." आणि लगेच समोरच्या गिऱ्हाइकावर खेकसली. त्या दिवशी ती सगळ्यांवरच खेकसत होती. जाताना हेमाच्या बॅगेत सुका जवळा इतका भरला की विमानाला वास आला असेल. पोर दारातून "येते" म्हणाली, आणि जनाबाई तशीच आत जाऊन टोपल्या धूत बसली.

मी स्वतः जर्मनी बघितली नाही. गिझेलाबाई ये ये म्हणायच्या, राहिलं ते राहिलंच, आता गुडघे नाहीत. एकेक मुलगी जाते तशी सतरंजीवरची एक जागा मोकळी होते. पुन्हा भरते, पण दुसऱ्या मुलीने. ह्याचं वाईट वाटतं, नाही कसं म्हणू. पण फोन येतात.

हेमाचा परवा आला. तिच्या वॉर्डात एक म्हातारी आहे. जेवायलाच तयार नाही. डॉक्टर सांगून गेले, तिने खायला हवं. मुलगा सांगून गेला, खाल्लंच पाहिजेस. म्हातारीने तोंड मिटून घेतलं. हेमा सूपची वाटी घेऊन बसली. म्हणाली, आजी, पाच चमचे. म्हातारीने तोंड न उघडता मान हलवली. बरं, चार. म्हातारी म्हणाली, एक. हेमाने वाटी उचलली आणि जायला निघाली. मागून आवाज आला, दोन! ही परत बसली. तीन, ही म्हणाली. दोन, म्हातारी म्हणाली, आणि एकही जास्त नाही. बरं, दोन. दोन चमचे झाले, हेमाने चमचा खाली ठेवला. आणि मग पेल्यात सफरचंद किसून आणलं होतं ते पुढे केलं. हे सौद्यातलं नाही, म्हणाली, हे माझ्याकडून. म्हातारीने ते सगळं खाल्लं.

मी दुसऱ्याच दिवशी रेवदंड्याला गेले आणि पाटावर बसून जनाबाईला हे सगळं सांगितलं. ती बोंबील निवडता निवडता ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "पाचावर सुरू केलान ते बरं केलान." शेवटी विचारलं, "मंग दुसऱ्या दिवशी म्हातारी काय म्हनाली?"

"दुसऱ्या दिवशी हेमाची ड्यूटी दुसरीकडे होती," मी म्हटलं. "तर म्हातारीने बेल दाबून दाबून सगळ्यांना विचारलं, ती कुठे आहे? ती येईपर्यंत ताटाला हात लावला नाही."

जनाबाईचा हात थांबला. मग पदराने नाक पुसून ती म्हणाली, "लागलं गिऱ्हाईक."

आणि माझ्या पिशवीत तिने चार मांदेली टाकली. मी अजून भावसुद्धा विचारला नव्हता.